चोवीस छिद्रांत चोवीस रोपे ठेवावीत का?

मातीविना, खत मिसळलेल्या पाण्यावर आणि दिव्याखाली भाजी वाढवण्यासाठी आपण 60 × 45 सेंटिमीटरच्या टबाच्या थर्मोकोलच्या झाकणाला 10-10 सेंटिमीटरवर 24 छिद्रे पाडून प्रत्येकात एका कपात लेट्यूस लावले. आता चौथ्या आठवड्यात पाने उंच आणि पातळ होऊन खालची पिवळी पडत आहेत. पाण्यात खत पुरेसे असताना अंतराची गरजच काय आणि निम्मी रोपे काढली तर उत्पादन निम्मे होणार नाही का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे, आणि त्याचे कारण पहिल्या प्रश्नात दडलेले आहे.

मातीत रोपे पाण्यासाठी आणि अन्नासाठीही भांडतात. टबात ते भांडण जवळजवळ मिटते, पण प्रकाशाचे मिटत नाही. दिवा एकच असतो आणि त्याखालच्या क्षेत्रावर पडणारा प्रकाश रोपे वाढवल्याने वाढत नाही. तो फक्त अधिक तोंडांत वाटला जातो. जपानमधील किरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 साली सोयाबीनवर दाखवून दिले की रोपांची दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की दर क्षेत्रामागचे एकूण वजन जवळपास स्थिर राहते आणि प्रत्येक रोप तेवढे लहान होत जाते. म्हणजे 24 रोपांचे एकूण वजन 12 रोपांच्या दुप्पट होणार नाही. उलट खालच्या पिवळ्या पानांचा भाग टाकून द्यावा लागल्याने ताटात येणारे वजन कमीही भरू शकते.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या, खताच्या पाण्याच्या तळ्यावर तरंगते लेट्यूस वाढवण्याच्या पद्धतीतील आकडे मला घरच्या हिशेबाला फार उपयोगी पडले. तेथे रोपे 11व्या दिवशी तळ्यात जातात तेव्हा चौरस मीटरला 97 असतात, 21व्या दिवशी ती उचलून दूर-दूर ठेवत 38 वर आणली जातात आणि 35व्या दिवशी काढणी होते. आपला टब 0.27 चौरस मीटरचा आहे, त्यामुळे 24 रोपे म्हणजे चौरस मीटरला सुमारे 89 झाली. ही घनता तिसऱ्या आठवड्यापर्यंत अगदी योग्य होती. चूक छिद्रांच्या संख्येत नाही, विरळणी न करण्यात आहे.

विरळणी केव्हा करावी, हे मी दिनदर्शिकेपेक्षा झाकणाकडे पाहून ठरवतो. वरून पाहताना पांढरे थर्मोकोल मोठ्या पट्ट्यांत दिसत असेल तर तेवढा प्रकाश फुकट जातो आहे. ते पूर्ण झाकले जाऊन पाने एकमेकांवर चढू लागली की वेळ आली. त्या वेळी बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक कप उचलावेत. उरलेल्या 12 रोपांत तिरपे अंतर साधारण 14 सेंटिमीटर पडते, म्हणजे चौरस मीटरला 44, जे कॉर्नेलच्या आकड्याच्या बरेच जवळ आहे. कप उचलताना एका हाताने झाकण दाबून धरावे आणि दुसऱ्याने हळूहळू फिरवत ओढावे, कारण एव्हाना शेजाऱ्यांची मुळे वेणीसारखी गुंतलेली असतात. काढलेली कोवळी रोपे त्याच दिवशी कोशिंबिरीत जातात. रिकामी छिद्रे मात्र लगेच बुजवावीत, नाहीतर आत उजेड जाऊन शेवाळ धरते आणि पावसाळ्यात डास घर करतात. हा डासांचा धडा मी घरच्यांची बोलणी खाऊन शिकलो आहे.

दाटीचे आणखी एक नुकसान वरून दिसत नाही. पानांच्या गर्दीत हवा कोंडते, आतल्या कोवळ्या पानांतून बाष्प नीट बाहेर पडत नाही, आणि कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच पानापर्यंत पोहोचत असल्याने टबात ते भरपूर असूनही त्या पानांच्या कडा करपतात. अशा वेळी अधिक खत ओतल्याने त्रास वाढतो. अंतर द्यावे आणि लहान पंखा लावावा.

प्रत्येक पिकाला हा हिशेब लागू नाही. मेथी आणि कोथिंबीर एका कपात दाटच पेरावी, कारण भांडण तीव्र होण्याआधीच ती खुडली जाते. लेट्यूसचा पूर्ण गड्डा नको असेल आणि दर चार-पाच दिवसांनी फक्त बाहेरची पाने तोडायची असतील, तर 10 सेंटिमीटरही चालून जाते, कारण खुडणे हीच एक विरळणी असते. टोमॅटोचा मोह मात्र टाळावा; व्यावसायिक हरितगृहात त्याची घनता चौरस मीटरला सुमारे अडीच झाडे असते, त्या मापाने आपल्या टबात एक पूर्ण झाडही बसत नाही.

अंतर वाढवण्यापूर्वी दिवाही तपासावा. कॉर्नेलचे आकडे दिवसाला चौरस मीटरमागे 17 मोल (प्रकाशकण मोजण्याचे एकक) प्रकाश गृहीत धरतात. पानांच्या पातळीवर चौरस मीटरमागे दर सेकंदाला 200 मायक्रोमोल (मोलचा दहा लाखावा भाग) देणारा दिवा 16 तास चालवला तरी सुमारे 11.5 मोलच होतात, त्यामुळे आपली काढणी 35व्या दिवशी होईल अशी अपेक्षा धरू नये. शिवाय टबाच्या कडेला मध्यभागापेक्षा प्रकाश कमी पडतो, म्हणून उरलेल्या 12 पैकी कडेची रोपे मागे पडली तर ती आधी काढून खावीत आणि मधली आणखी आठवडाभर ठेवावीत.