बायलॉजमधला 'बाय' कुठला?

प्रश्न असा आहे: सोसायटीच्या 'बायलॉज'ना मराठीत 'उपविधी' म्हणतात, म्हणजे इंग्रजी 'बाय'चा अर्थ 'उप' होतो का?

आज तसाच समज आहे. बायपास, बायप्रॉडक्ट या शब्दांत 'बाय' म्हणजे बाजूचा, दुय्यम. पण बायलॉजमधला 'बाय' बहुधा मुळात हा नव्हेच. तो नॉर्स, म्हणजे डेन्मार्क-नॉर्वेकडच्या लोकांच्या जुन्या भाषेतून आला आणि त्याचा अर्थ 'गाव'. बायलॉ म्हणजे गावाचा कायदा, गावकऱ्यांनी स्वतःपुरता ठरवलेला. पुढे 'गाव' हा अर्थ विसरला गेला आणि ओळखीचा 'बाय' त्या जागी बसला. आपलं 'उपविधी' त्या नंतरच्या अर्थावर बेतलेलं आहे.

इ. स. 865 मध्ये ही भाषा बोलणाऱ्या डेन लोकांचं मोठं सैन्य इंग्लंडात उतरलं, आणि पुढे त्यातले बरेच जण तिथेच शेती करून राहिले. यॉर्कशर, लिंकनशरच्या नकाशावर त्यांच्या खुणा दाटीवाटीने दिसतात, गावांच्या नावांतला 'बी' हा तोच शब्द: ग्रिम्सबी म्हणजे ग्रिमचं गाव, कर्कबी म्हणजे चर्चचं गाव. रग्बी मात्र फसवं आहे. तिथे आधी 'तटबंदीची जागा' अशा अर्थाचा जुना इंग्रजी शब्द होता, 'बी' मागाहून चिकटला.

डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनमध्ये हा 'बी' शब्द अजून रोजच्या बोलण्यात आहे. उच्चारताना ओठ 'ऊ'सारखे गोल करायचे आणि आतून 'ई' म्हणायची. पण स्वीडिश माणसाला त्यातून खेडं दिसतं, तर डॅनिश आणि नॉर्वेजियन माणसाला शहर. कोपनहेगनसुद्धा 'बी'च! आइसलँडमध्ये त्याचंच रूप 'बाइर', ते शेतघरालाही चालतं आणि गावालाही. मला आपली 'वाडी' आठवते. कोकणात नारळी-पोफळीची बाग ती वाडी, चार घरांची वस्ती तीही वाडी, आणि सावंतवाडी तर चांगलं शहर.

या शब्दामागचं नॉर्स क्रियापद 'बूआ', म्हणजे वस्ती करणं. ते संस्कृत 'भू' धातूच्या कुळातलं. म्हणजे आपलं 'भवन' आणि 'भवति'पासून आलेलं 'होणे' त्याचे नातेवाईक ठरतात. इंग्रजी 'बी', म्हणजे असणं, तेही याच घरातलं.

आणि मला सर्वांत आवडतो तो 'हजबंड'. तोही नॉर्सच: 'हूस' म्हणजे घर, 'बोंडी' म्हणजे वसणारा, घरजमीन असलेला शेतकरी. घरात राहणारा तो गृहस्थ, असं आपणही म्हणतोच की!