काम गेल्यानंतरच्या काळात सजगतेचा (माइंडफुलनेस) खरोखर उपयोग होतो का?

होतो, परंतु सजगतेने, म्हणजे चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याच्या सरावाने, बुडालेला पगार परत येत नाही, आणि तसे भासवणाऱ्यांपासून दूर राहावे. सोलापुरातील टॉवेल कारखान्यातले काम सुटल्यापासून झोप लागत नाही, असे आपण लिहिले आहे. अशा वेळी मूळ अडचणीइतकाच त्रास ‘आता सगळेच संपले’ या सतत घोळणाऱ्या विचाराचा होतो, आणि सजगतेचा सराव त्या विचाराला वस्तुस्थिती न मानता केवळ विचार म्हणून ओळखायला शिकवतो. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेला सजगतेचा अभ्यासक्रमही जुनाट वेदनांच्या रुग्णांना दुखण्यासह जगता यावे, या हेतूनेच आखलेला होता.

ऊन चढण्यापूर्वी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने दहा मिनिटे सावकाश चालावे, लक्ष पावलांवर ठेवावे आणि मन कर्जाच्या हप्त्याकडे धावले की न चिडता परत आणावे. (डोळे मिटून बसणे अस्वस्थ माणसाला बहुधा अधिक जड जाते.) मग, डोके जरा शांत असताना, घरच्या किंवा शेजारच्या कोणासाठी आज काय करता येईल, ते एकच काम ठरवावे, जगण्याला अर्थ अशा कामांतून येतो, नुसत्या चिंतनातून क्वचितच.

जगणेच नकोसे वाटत असेल, तर मात्र या सरावावर विसंबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर आजच बोलावे.