श्टुटगार्टमध्ये भाड्याचे घर : पुण्यात बसून किती ठरवावे

ऑक्टोबरात श्टुटगार्टला नोकरीवर रुजू व्हायचे आहे, तर घरांच्या संकेतस्थळांवरून पुण्यातूनच दोन खोल्यांचे घर पक्के करून पत्नी व मुलीला थेट तिथे नेता येईल का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की जाहिराती आतापासून रोज पाहाव्यात, पण पैसे आणि सही हे दोन्ही विषय आपण स्वतः ते घर पाहीपर्यंत काढूच नयेत.

सुरुवातीचे दोन-तीन महिने फर्निचरसह मिळणारे तात्पुरते घर घ्यावे. कंपनी देत असेल तर उत्तमच. मात्र त्या पत्त्यावर ‘अनमेल्डुंग’, म्हणजे रहिवासी म्हणून शहराच्या कार्यालयातील नोंदणी, करता येईल ना, हे आधी लेखी विचारून घ्यावे. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते, तिला घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो आणि आपला करक्रमांक नंतर त्याच पत्त्यावर टपालाने येतो. पर्यटकांना घरे देणारे अनेक जण हा कागद देत नाहीत. टपालपेटीवर आपले आडनाव लावायलाही विसरू नये, कारण नाव नसलेल्या पेटीत टपाल पडत नाही.

कायमच्या घरासाठी ‘इमोस्काउट२४’ आणि ‘इमोवेल्ट’ ही मुख्य संकेतस्थळे. ‘क्लाइनआनत्साइगेन’वर घरमालक स्वतः जाहिरात देतात, त्यामुळे तिथे कधी कधी साधे, स्वस्त घर सापडते, पण तिथे भामट्यांपासूनही जपावे लागते. ‘वेगे-गेझुख्ट’ प्रामुख्याने सामायिक घरातील खोलीसाठी आहे, कुटुंबाला त्याचा फारसा उपयोग नाही.

जाहिरात वाचताना आपल्याकडची सवय बाजूला ठेवावी लागते. जर्मनीत ‘दोन खोल्या’ म्हणजे एक हॉल आणि एक बेडरूम. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर त्या मोजणीत येत नाही. म्हणजे आपण दोन खोल्या असे नोंदवून शोध घेत असाल, तर आपल्याला सारे वन बीएचके दिसत असणार. मुलीला स्वतंत्र खोली हवी असेल तर तीन खोल्या शोधाव्यात. भाड्याचेही दोन आकडे असतात : ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसत्या जागेचे भाडे, आणि ‘वार्ममीटे’ म्हणजे त्यात पाणी, कचरा, जिन्याची निगा आणि बहुधा हीटिंगचा खर्च मिळवून येणारी रक्कम. वीज आणि इंटरनेट सहसा याहून वेगळे. महिन्याचा हिशेब नेहमी दुसऱ्या आकड्यावरून करावा. जाहिरातीत ‘ईबीके’ ही अक्षरे आहेत का, तेही पाहावे. ती नसतील तर स्वयंपाकघराच्या जागी भिंतीतून डोकावणारे नळाचे पाइप आणि शेगडीची जोडणी एवढेच मिळण्याची शक्यता असते. ओटा, सिंक, कपाटे सगळे आपण बसवायचे, किंवा आधीच्या भाडेकरूचे विकत घ्यायचे.

ठिकाणाबाबतही एक खाचखळगा आहे. फाइहिंगेन नावाचा श्टुटगार्टचा एक भाग आहे आणि एन्त्स नदीकाठचे त्याच नावाचे एक स्वतंत्र गावही आहे, जे शहरापासून बरेच दूर पडते. भाडे अचानक आवाक्यात आलेले दिसले की आधी नकाशा उघडावा. शोध मात्र शहरापुरता मर्यादित ठेवू नये. ब्योब्लिंगेन, एसलिंगेन, लुडविग्सबुर्ग ही गावे एस-बान या लोकल गाड्यांनी जोडलेली आहेत, आणि कचेरी कोणत्या मार्गावर आहे ते पाहूनच गाव निवडलेले बरे.

चांगल्या घराच्या जाहिरातीवर अर्जांचा इतका पाऊस पडतो की निवड आपण नव्हे, घरमालक करत असतो. म्हणून जर्मन भाषेतला सात-आठ ओळींचा नेटका मजकूर तयार ठेवावा : कुटुंबात कोण, नोकरी कुठे, ती कायमस्वरूपी आहे का, हाती येणारा पगार किती, कधीपासून घर हवे. हाती येणारा पगार भाड्याच्या साधारण तिप्पट असावा, अशी अनेक मालकांची अपेक्षा असते. ते पगाराच्या पावत्या आणि ‘शूफा’ हा पतदाखला मागतात. नव्याने आलेल्याकडे यांपैकी काहीच नसते. ते न लपवता सांगावे आणि नोकरीचा करार दाखवावा. पासपोर्टची प्रत मात्र पहिल्याच संदेशासोबत पाठवू नये.

आता फसवणुकीविषयी. तिचा साचा बहुतेक वेळा एकच असतो. शहराच्या मध्यभागी, चकचकीत छायाचित्रांचे, निम्म्या भाड्याचे घर. मालक कामानिमित्त परदेशी. किल्ली कुरिअरने येणार. आणि अनामत रक्कम एखाद्या नामांकित कंपनीसारख्या दिसणाऱ्या पानावर ‘सुरक्षित’ जमा करायची. घर पाहण्याआधी पैसे मागणाऱ्याशी पत्रव्यवहार तिथेच थांबवावा, मग त्याने स्वतःचे ओळखपत्र पाठवले असले तरी, कारण ते बहुधा दुसऱ्याच कुणाचे चोरलेले असते. प्रत्यक्ष जाणे अशक्य असेल तर तिथल्या ओळखीच्या माणसाला पाठवावे. श्टुटगार्ट परिसरात मराठी मंडळी पुष्कळ आहेत आणि अशा कामाला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

कायदा भाडेकरूच्या बाजूने बराच उभा आहे. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही, ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा आपल्याला हक्क आहे आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होतानाच देय होतो. जून २०१५ पासून दलालाला ज्याने काम दिले त्यानेच त्याचे पैसे द्यायचे असतात, त्यामुळे संकेतस्थळावरच्या घरासाठी आपल्याकडे दलाली मागितली गेली तर ती देऊ नये. करार आपल्याकडच्यासारखा अकरा महिन्यांचा नसून बहुधा बेमुदत असतो आणि भाडेकरूने सोडताना तीन महिन्यांची सूचना द्यायची असते. मात्र ठरावीक काळ घर सोडता येणार नाही असे एखादे कलम त्यात घातलेले नाही ना, हे सहीपूर्वी जर्मन जाणणाऱ्याकडून तपासून घ्यावे.

किल्ली घेताना मालकासोबत खोलीखोलीतून फिरून भिंतीवरचे डाग, खिडक्यांच्या कड्या, वीज व पाण्याच्या मीटरचे आकडे ताब्याच्या नोंदपत्रकात लिहून दोघांनी सही करावी आणि प्रत्येक गोष्टीचे छायाचित्र काढून ठेवावे. घर सोडताना अनामत परत मिळण्याचा वाद बहुधा त्या कागदावरच मिटतो.