बघायचं कुणी, मुलाने की आपण?

“थेरपी परवडत नाही. मोबाइलवर फुकट मिळतं ते सगळं दाखवते, तरी फरक का पडत नाही?” उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या पालकांपैकी हा प्रश्न घेऊन माझ्याकडे कुणी ना कुणी येतच असतं. त्यातल्याच एका आईची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा साडेतीन वर्षांचा. घर तालुक्याच्या गावात, वडील दुकानात कामाला. जिल्ह्याच्या ठिकाणी खासगी स्पीच थेरपीला आठवड्यातून दोनदा जायचं तर फी, एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज यांतच पगार संपायचा. म्हणून आईने स्वतःच कंबर कसली. बडबडगीतं, रंग, आकार, फ्लॅशकार्डांच्या पीडीएफ यांनी फोन इतका भरला होता की फोटो काढायला जागा उरली नव्हती. मुलगा ‘रेड’, ‘ट्रँगल’, ‘इलेव्हन’ अगदी स्पष्ट म्हणायचा. तहान लागली की मात्र आईचं मनगट धरून तिला माठापर्यंत ओढत न्यायचा. ‘आई’ म्हणून हाक मारलेली नव्हती. आजीचं म्हणणं, याचा बापही उशिराच बोलला.

“मॅडम, फुकटचं आहे म्हणून कमी पडतंय का?”

दाम मोजलं म्हणून साहित्य चांगलं ठरत नाही, हे मी तिला आधी सांगितलं. मग विचारलं, हे सगळं बघतं कोण? बघत होता तो एकटाच: जेवताना, दुपारी, झोपताना. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार या वयात स्क्रीन दिवसाला फार तर एक तास, आणि त्याहून कमी तर बरंच. याचा तास सकाळच्या जेवणातच संपत होता, तोही ‘अभ्यास’ म्हणून. व्हिडिओ त्याच्या उत्तरासाठी थांबत नाही, त्याच्या डोळ्यांत बघत नाही. या वयाच्या मुलासाठी मोठ्यांनी बघायचं साहित्य जास्त कामाचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याआधी कान. शब्द म्हणतो म्हणजे नीट ऐकू येतंच, असं धरून चालत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. त्याचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं; पण त्याची वाट न बघता अंगणवाडीताईंकडून नाव कळवायला आणि थेट जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे विकासात मागे पडणाऱ्या मुलांना तपासतात तिथे, जायला सांगितलं. तिथे तपासणी मोफत झाली. ऐकणं ठीक निघालं, स्वमग्नतेची (ऑटिझमची) लक्षणं नोंदली गेली, पुढच्या तारखा मिळाल्या. हे काम कुठलंही अ‍ॅप करू शकत नाही. आणि येत असलेले शब्द मूल गमावू लागलं किंवा झटके येत असतील, तर साहित्य शोधत बसूच नये, डॉक्टर गाठावा.

दोन तारखांच्या मधले दिवस मात्र घरचेच असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २ ते ९ वर्षांच्या विकासात मागे पडणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी एक प्रशिक्षण बनवलं आहे, त्याचं ऑनलाइन रूप मोफत आहे. मी पाहिला तो अभ्यासक्रम इंग्रजीत होता. आईची धाकटी बहीण कॉलेजात. ती एकेक भाग ऐकून ताईला मराठीत सांगायची. त्यात मुलासाठी वेगळा तास काढायला सांगत नाहीत. आंघोळ, जेवण, कपडे वाळत घालणं, यांतच शिरायचं: तो बघतोय त्याकडे आपण बघायचं, एक-दोन शब्दांत बोलायचं आणि मग थांबायचं. थांबणं तिला सर्वांत जड गेलं. पेल्यात घोटभरच पाणी द्यायचं, ‘अजून?’ म्हणायचं आणि गप्प राहायचं. सासूबाईंना तो छळ वाटला.

शब्दाऐवजी दाखवून मागायच्या चित्रांचंही तसंच. स्पेनमधल्या अरागॉन सरकारचा ‘आरासाक’ हा मोफत चित्रसंग्रह मी बऱ्याच घरांना सुचवते. पण त्यातला पेला आणि घरातला माठ यांचा मेळ याला लागेना. मग माठाचाच फोटो काढून झेरॉक्सच्या दुकानात छापून लॅमिनेट केला; पाणी हवं असलं की हे कार्ड आईला द्यायचं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे मोफत अ‍ॅप चित्रावर बोट ठेवलं की मराठीत बोलतं, तेही चांगलं आहे. मी ते मागे ठेवलं, कारण फोन हातात आला की हा गाणी शोधायचा. पुढे नेट नसलेल्या जुन्या हँडसेटवर ते घातलं.

“कार्डाची सवय लागली तर बोलायचाच नाही,” ही वडिलांची भीती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन आढाव्यात अशी पर्यायी साधनं वापरणाऱ्या २७ जणांच्या नोंदी काटेकोरपणे तपासल्या होत्या. बोलणं कमी झालेला त्यात एकही नव्हता. बहुतेकांचं वाढलं, भले थोडंसंच. याचंही थोडंसंच वाढलं. महिनाभराने कार्ड देताना ‘पा’ म्हणू लागला.

गोष्टींसाठी प्रथम बुक्स या प्रकाशनाचं ‘स्टोरीवीव्हर’ हे मोफत संकेतस्थळ आहे. मराठी गोष्ट उतरवून कागदावर छापता येते. रोज नवी नको, एकच. ओळीचा शेवटचा शब्द त्याच्यासाठी सोडायचा.

फुकटातलं एक मात्र मी तिला त्या बैठकीतच पुसायला लावलं: ‘ऑटिझम मुळापासून बरा’ सांगणारं मोफत वेबिनार. आधी नंबर घेतात, मग पावडरी विकतात.

आता तिचा प्रश्न वेगळा आहे: बालवाडीत बाईंना काय सांगू? निदानाचं नाव सांगावं की नाही हे आईवडिलांनी ठरवायचं, पण एक पानाचा कागद द्यायला मी सुचवलं. तिने लिहिलं: पाणी हवं असलं की कार्ड देतो, लगेच द्या. मिक्सर आणि शिट्टी सहन होत नाही, कान झाकले तर बाहेर न्या. ‘बोल, बोल’ म्हणू नका, विचारून थोडं थांबा. रंग येतात, परत शिकवू नका.