आधी बहार समजून घे

प्रिय पोरी,

तुझा संत्र्यावरचा लेख दोनदा वाचला. भाषा नेटकी आहे. पण आंबिया बहाराचा, म्हणजे त्या हंगामाच्या फुलोऱ्यासाठी पाणी तोडून द्यायचा, ताण तू मे महिन्यात द्यायला सांगितला आहेस. तो मृग बहाराचा, पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचा ताण. आंबियासाठी डिसेंबरच्या सुमारास बागेचं पाणी तोडतात, मग जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात. मे महिन्यात आंबियाची लहान फळं झाडावर असतात. नागपुरी उन्हात तेव्हा पाणी तोडलं, तर फळगळ ठरलेली. काटोल-नरखेडकडच्या कुणी तुझं वाचून तसं केलं, तर वर्षाचं पीक गेलं.

तू म्हणालीस, दिवसाला पंधरा लेख द्यावे लागतात, म्हणून दुसरीकडचं उचलून शब्द फिरवले. मी शोधलं. हेच वाक्य, हीच चूक, आणखी चार ठिकाणी. आता यंत्रंही हेच वाचून नवे लेख लिहितात. 2024 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनात दिसलं, की अशा यंत्राला, म्हणजे एआय मॉडेलला, मॉडेलचंच लिखाण पुन्हा पुन्हा शिकवलं तर ते बिघडत जातं, आणि क्वचित आढळणाऱ्या गोष्टी आधी पुसल्या जातात. आपल्या बहाराबद्दल मराठीत लिहिलेलं आधीच किती थोडं आहे!

मला जास्त काळजी वेगळीच वाटते. नरखेडचा माझा साळा पूर्वी पेपरातला कृषी सल्ला कापून ठेवायचा. आता म्हणतो, “मोबाइलवर सारंच असते, खरं कोणतं कोणाले माईत?” संशोधन संस्थेचा योग्य सल्लाही तो बघत नाही. 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा आमच्या ग्रुपवर आलेला खरा इशाराही शेजाऱ्यांनी ‘फॉरवर्ड असेल’ म्हणून सोडला. त्यांच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं. त्यांना दोष देववत नाही. खोट्यानं इतक्यांदा फसल्यावर माणूस खऱ्यालाही दार उघडत नाही.

तेव्हा आजच तो लेख दुरुस्त कर. काय चुकलं होतं ते वरच, ठळक लिही. गुपचूप बदलू नकोस. पंधराऐवजी दोनच लेख देईन, असं साहेबांना सांगून बघ. नाही ऐकलं तर मला फोन कर, आपण दुसरं काम शोधू. पुढच्या लेखाआधी अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जाऊन ये.

आणि शनिवारी सकाळी सहाला कळमन्याच्या बाजारात ये. आंबियाची आवक सुरू झाली आहे. साळा माल घेऊन येतोय. ताण कधी दिला, किती दिवस दिला, ते त्यालाच विचार. वही आण.

तुझा,
काका