‘एन्रॉनचे दाभोळ’ एके काळी मोठे बंदर होते, तर आज ते एवढे लहान गाव का आहे? पोर्तुगिजांनी जाळले म्हणून, की खाडीत गाळ साचला म्हणून?

आपण प्रश्नातच दोन कारणे सुचवली आहेत: पोर्तुगिजांनी केलेली जाळपोळ आणि खाडीत साचलेला गाळ. दोन्ही गोष्टी घडल्या, परंतु माझ्या मते दाभोळ मागे पडले ते मुख्यतः घाटमाथ्यावरील त्याच्या गिऱ्हाइकांची राज्ये बुडाल्यामुळे.

दाभोळ (तालुका दापोली) वाशिष्ठी नदीच्या मुखाशी, उत्तर काठावर आहे. भरतीच्या पाण्याबरोबर होड्या खाडीतून थेट चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत जात, तेथून माल बैलांच्या पाठीवर लादून कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे चढत असे आणि पुढे बिदर, विजापूरपर्यंत पोहोचत असे. बहमनी राज्याला घोडदळासाठी सतत घोडे लागत आणि चांगले घोडे दख्खनमध्ये फारसे निपजत नसल्यामुळे ते समुद्रापलीकडून आणावे लागत. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलला उतरला आणि काही वर्षांनी दाभोळहूनच परतीच्या जहाजात बसला. दाभोळ हे फार मोठे शहर असून तेथे मिसर (इजिप्त), अरबस्तान आणि खुरासानातून घोडे येतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. घोड्यांच्या भावाची त्याला जाण असणारच, कारण तो स्वतःही एक घोडा विकायला घेऊन आला होता आणि जुन्नरच्या खानाने तो काढून घेतल्यामुळे चांगलाच अडचणीत सापडला होता.

आता जाळपोळीविषयी. मार्च १५०८ मध्ये चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. त्याचा सूड घेण्यासाठी दीवकडे निघालेल्या आल्मेदाने वाटेत, त्याच वर्षाच्या डिसेंबर अखेरीस, दाभोळ लुटून जाळले. कत्तल भयंकर होती, यात शंका नाही. तरीही गाव पुन्हा उभे राहिले, कारण १५१० मध्ये गोवा हातचे गेल्यावर आदिलशाहीला दाभोळसारख्या बंदराची गरज अधिकच भासू लागली. याचा पुरावा आजही जेटीजवळ, माडांच्या सावलीत पाहायला मिळतो. एक घुमट, चार मिनार आणि दगडातील बारीक नक्षी असलेली ती मशीद सतराव्या शतकाच्या मध्यातील, म्हणजे त्या जाळपोळीनंतर सुमारे दीडशे वर्षांनी बांधलेली मानली जाते. मक्केला निघालेल्या विजापूरच्या शहजादीला प्रवास रद्द करावा लागला, म्हणून तिने जवळचा पैसा या मशिदीवर खर्च केला, अशी आख्यायिका स्थानिक लोक सांगतात. तिचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला, तरी मक्केच्या यात्रेचे बंदर अशी गावाची ओळख होती, एवढे त्यातून कळते.

खरा उतार त्यानंतरचा आहे. अफझलखानाच्या वधानंतर शिवाजी महाराजांच्या फौजा कोकणात उतरल्या, तेव्हा खानाची जहाजे दाभोळमध्ये होती. तेथील अंमलदार ती घेऊन राजापूरला पळाला आणि १६६० मध्ये दाभोळ स्वराज्यात आले. पुढे १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले आणि ज्या दरबारासाठी घोडे, यात्रेकरू आणि उंची माल या खाडीतून ये-जा करत होता, तो दरबारच उरला नाही. दूरदेशीचा व्यापार आधी सुरतेकडे आणि नंतर मुंबईकडे एकवटला. खाडीच्या तोंडावरील वाळूचा दांडा मोठ्या जहाजांना नडत होता, हे खरे. पण मागणी असती तर जहाजे बाहेर नांगरून पडावांतून, म्हणजे लहान होड्यांतून, माल उतरवता आला असता. विसाव्या शतकात मुंबईच्या आगबोटीचे उतारू असेच पडावांतून किनाऱ्याला लागत. रस्ते झाले, एसटी आली आणि ती वाहतूकही संपली.

एक गैरसमज जाता जाता दूर करतो, कारण प्रश्नात ‘एन्रॉनचे दाभोळ’ असा उल्लेख आहे. एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा तो वीजप्रकल्प दाभोळमध्ये नाही. तो खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला आहे. कंपनीने फक्त नाव दाभोळचे घेतले. आपण जाणार असाल, तर दाभोळहून पलीकडच्या धोपाव्याला जाणारी फेरीबोट गाडीसकट घेऊन जाते आणि चिपळूणचा वळसा वाचतो. अंजनवेलचा गोपाळगडही त्याच बाजूला आहे. त्याच्या तटावर उभे राहिल्यास खाडीचे तोंड ज्याच्या ताब्यात, त्याच्याच हाती दाभोळची जकात का असे, हे नकाशाशिवाय समजते.