चारशे सतरा खेळांचा बॅकलॉग

सोलापुरातील सात रस्त्याजवळच्या माझ्या समुपदेशन केंद्रात व्हिडिओ गेमचा विषय निघतो तो बहुतेक वेळा आईवडिलांच्या तोंडून, आणि तक्रारही ठरलेली असते : मुलगा मोबाइल खाली ठेवत नाही. त्यामुळे गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस एक ३६ वर्षांचे गृहस्थ समोर बसले आणि "मॅडम, माझी अडचण अशी आहे की माझं खेळणंच होत नाही," असे म्हणाले, तेव्हा मला क्षणभर काही सुचले नाही. त्यानंतर याच प्रकारची चिंता घेऊन आणखी काही जण आले. विकत घेतलेले शेकडो खेळ तसेच पडून आहेत, त्यांचा ताण येतो, तरीही नवीन घेणे थांबत नाही. हे व्यसन समजायचे का, असा या सर्वांचा प्रश्न असतो. त्या पहिल्या गृहस्थांची हकीकत त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे सांगते.

ते इंजिनिअर असून एमआयडीसीतील टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात उत्पादन नियोजन पाहतात. घरी पत्नी, सहा वर्षांची मुलगी आणि आई. पहिल्या भेटीला त्यांनी प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून अकरा छापील पाने आणली होती. वर ठळक अक्षरांत 'बॅकलॉग' असे शीर्षक होते आणि खाली खेळाचे नाव, खरेदीची तारीख, किंमत, लागणारे तास व सद्यःस्थिती असे पाच रकाने आखलेले होते. एकूण खेळ ४१७, त्यांपैकी पूर्ण केलेले ६१. खेळाडू आपापला वेळ नोंदवतात अशा हाऊलाँगटूबीट या संकेतस्थळावरून त्यांनी प्रत्येक खेळाचे तास काढले होते आणि उरलेल्या ३५६ खेळांची बेरीज सुमारे ६,८०० तास आली होती. आठवड्याला पाच तास खेळायला मिळतात असे धरले तर हे काम सव्वीस वर्षांनी संपणार होते, म्हणजे निवृत्त होऊन चार वर्षे झाल्यावर. हे सांगताना ते हसले, पण फोल्डरवरचा हात मात्र त्यांनी काढला नाही.

व्यसनाची शंका आधी तपासणे भाग होते, कारण पत्नीने त्यांना त्याच शंकेने पाठवले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली असून तिच्यात 'गेमिंग डिसऑर्डर' हा विकार नोंदवलेला आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला वाढते महत्त्व मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहणे, हे त्याचे तीन मुख्य निकष आहेत. शिवाय हे सारे साधारणपणे बारा महिने चाललेले असावे लागते आणि त्यातून घर, शिक्षण किंवा नोकरी यांची लक्षणीय हानी झालेली असावी लागते. आमच्या गृहस्थांचे खेळणे आठवड्याला जेमतेम चार-पाच तास. कामावर परिणाम नाही, झोप ठीक. रात्री साडेदहाला ते लॅपटॉप उघडतात, यादी वरखाली करत पाऊण तास काढतात, एखादा खेळ उतरवायला लावतात आणि तो उतरेपर्यंत दुसरेच कोणी तोच खेळ खेळत असल्याचा व्हिडिओ पाहता पाहता झोपी जातात. या वागण्याला तो विकार म्हणता येत नाही.

खरेदीचा प्रश्न मात्र वेगळा होता आणि तो मी नीट विचारला. अकरा वर्षांत सुमारे एक लाख चाळीस हजार रुपये गेले होते; कर्ज नव्हते, हप्ता चुकला नव्हता, परंतु शेवटच्या दोन-तीन खरेद्या त्यांनी पत्नीला सांगितल्या नव्हत्या. लपवाछपवी सुरू झाली की मी रकमेपेक्षा तिच्याकडे अधिक लक्ष देते, आणि हे मी त्यांना त्याच वेळी सांगितले.

येथे माझी एक चूक कबूल करायला हवी. पहिल्या भेटीअखेर मी सरळसोट सल्ला दिला : एकच खेळ निवडा, तो संपेपर्यंत दुसरा उघडू नका. अभ्यासाच्या बाबतीत हा सल्ला मी वर्षानुवर्षे देत आले आहे. त्यांनी प्रामाणिकपणे यादीतील सर्वांत मोठा, शंभर तासांचा एक रोल-प्लेइंग (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा) खेळ निवडला, कारण 'एकदम मोठा आकडा कमी होईल'. तीन आठवड्यांनी ते परत आले तेव्हा त्या खेळात बारा तास झाले होते, तो त्यांना मुळीच आवडत नव्हता, आणि नियम असल्यामुळे दुसरा उघडता येत नव्हता. पूर्वी खेळण्याचा केवळ ताण होता. आता मी त्याला गृहपाठाचे रूप दिले होते.

मग मी त्या शीर्षकाकडे पुन्हा पाहिले. गेम खेळणारे लोक न खेळलेल्या खेळांना सर्रास बॅकलॉग म्हणतात, पण आपल्याकडे इंजिनिअरिंगला गेलेल्या माणसाच्या कानात या शब्दाचा अर्थ एकच असतो : नापास होऊन राहिलेले विषय. मी विचारले, "तुमचे कॉलेजात विषय राहिले होते का?" दुसऱ्या वर्षाचे दोन राहिले होते, त्यांतला गणिताचा तिसऱ्या प्रयत्नात सुटला, आणि वडील गेले तेव्हाही तो सुटलेला नव्हता. एवढे बोलून ते थांबले. त्या दिवशी पुढचा अर्धा तास आम्ही खेळांविषयी बोललो नाही.

पुढच्या भेटीला मी त्यांना यादी खरेदीच्या तारखेनुसार लावून आणायला सांगितले आणि प्रत्येक मोठ्या खरेदीसमोर त्या आठवड्यात घरी किंवा कारखान्यात काय चालले होते ते आठवेल तसे लिहायला लावले. स्टीम या संगणकावरील खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातील उन्हाळी आणि हिवाळी सवलतींचे दिवस त्यात दिसणारच होते. परंतु त्याखेरीज २०१९ च्या उत्तरार्धात, म्हणजे मुलीच्या जन्मानंतर, खरेदी दुपटीने वाढली होती; टाळेबंदीच्या काळात एकट्या एका वर्षात नव्वद खेळ आले होते; आणि एरवीच्या बहुतेक खरेद्या कंटेनर रवाना होण्याच्या आदल्या-मागल्या रात्रींच्या होत्या, जेव्हा माणूस बारा-बारा तास कारखान्यात असतो. खेळायला वेळ मिळण्याची शक्यता सर्वांत कमी असलेल्या दिवसांतच त्यांनी सर्वाधिक खेळ घेतले होते. त्या रात्री 'घ्या' हे बटण दाबताना डोळ्यांसमोर एखादा मोकळा रविवार असे, आणि चारशे रुपयांत तो रविवार मिळाल्यासारखे वाटे.

याच भेटीत त्यांचा फोन वाजला. पत्नीचा होता : "अहो, पाणी आलंय, मोटार लागत नाहीये, बटण कुठलं?" सोलापुरात राहणाऱ्याला यात नवल नाही, उजनी धरणाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने नळाला येते आणि ते आले की घरातील माणसे हातातले काम टाकून धावतात. त्यांनी बटण सांगितले, क्षमा मागितली. मी सहज विचारले, "मागच्या खेपेला भरलेलं सगळं संपलं होतं का?" ते म्हणाले, "कुठलं मॅडम, दोन पिंपं तशीच होती. नवीन आलं की आई ती अंगणात ओतते, शिळं म्हणते." आणि मग ते स्वतःच फोल्डरकडे पाहून गप्प झाले.

ही सवय वाईट आहे असे मी म्हणणार नाही. टंचाईत वाढलेल्या माणसाला ती शहाणपणानेच लागलेली असते. त्यांचे लहानपण नवी पेठेतून आणलेल्या टीव्ही गेमवर गेले. '९९९९ इन वन' असे छापलेली पिवळी कॅसेट, तिच्यात प्रत्यक्षात दहा-बाराच खेळ नावे बदलून फिरून फिरून येत, आणि तीही मित्राकडून दोन दिवसांसाठी मिळालेली. साहजिकच ती दोन दिवसांत पिळून घ्यायची. अशा मुलाला पुढे पगार मिळू लागला आणि पंचाहत्तर टक्के सवलतीची पाटी दिसली, तर तो पिंपे भरणारच. फरक इतकाच की खेळांच्या या नळाला पाणी वारंवार येते. स्टीमवर २०२३ पासून चारही ऋतूंत मोठ्या सवलती असतात आणि खेळाची किंमत वर्षे सरतील तशी बहुधा आणखी खाली येते. एपिक गेम्स स्टोअर हे तसेच दुसरे दुकान तर डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाल्यापासून खेळ फुकट वाटत आले आहे. आमच्या गृहस्थांच्या ४१७ पैकी १४८ खेळ असे फुकटचे होते, आणि त्यांचेही तास त्यांनी इमानेइतबारे बेरजेत धरले होते!

"मुलगी मोठी झाली की खेळेल, वाया काही जाणार नाही," हे त्यांचे एक ठेवणीतले समर्थन होते. त्याबाबत वस्तुस्थिती सांगणे मला आवश्यक वाटले. स्टीमवर आपण खेळाचा परवाना घेत असतो आणि ते खाते कराराप्रमाणे दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. त्यामुळे घर-शेतासारखा त्याचा वारसा होत नाही. कुटुंबातील सहा जणांपर्यंत खेळ वाटून खेळण्याची सोय २०२४ मध्ये आली आहे. म्हणजे मुलीबरोबर खेळायचे असेल तर ते आताच करता येईल, असे मी म्हणाले आणि हा मुद्दा तेथेच सोडला.

पैसे दिले आहेत म्हणून संपवलेच पाहिजे, ही गाठ सोडवायला मला एका जुन्या प्रयोगाचा उपयोग झाला. १९८५ मध्ये हाल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या संशोधकांनी ओहायो विद्यापीठातील नाट्यगृहाच्या हंगामी तिकिटांचा प्रयोग प्रसिद्ध केला. तिकीट घ्यायला आलेल्यांपैकी काहींना पूर्ण किमतीत आणि काहींना अचानक सवलतीत तिकीट देण्यात आले. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण किंमत मोजलेले लोक अधिक नाटकांना गेले. पुढच्या अर्ध्या भागात मात्र हा फरक उरला नाही. नाटक तेच, खुर्ची तीच. माणसाला तेथे ओढून नेत होता तो गेलेला पैसा, आणि त्याचीही ओढ काही महिन्यांत संपली. हे ऐकून ते म्हणाले, "म्हणजे दोन हजार सोळाचे पैसे मला अजून टोचायला नकोत." हिशेब पाहणाऱ्या माणसाला हिशेबाच्या भाषेत सांगितलेले लवकर पटते.

यानंतर आम्ही यादीत दोनच बदल केले. तासांचा रकाना काढून टाकला आणि 'पूर्ण' याशिवाय 'सोडला' असा एक सन्माननीय शेरा वाढवला. किती वेळ देऊन सोडायचा, यासाठी त्यांनीच स्टीमचा नियम सुचवला : खरेदीला चौदा दिवस झाले नसतील आणि दोन तासांहून कमी खेळले असेल तर पैसे परत मागता येतात. विकणाऱ्यालाच दोन तासांत ग्राहकाचा निर्णय होईल असे वाटते, तर आपणही तेवढेच द्यावेत, हा त्यांचा युक्तिवाद मला आवडला. शिवाय त्यांनी घरी जाऊन आपल्या खेळांतील अचिव्हमेंटची, म्हणजे कोणता टप्पा किती खेळाडूंनी गाठला याची, टक्केवारी पाहिली, तेव्हा कितीतरी गाजलेल्या खेळांचा शेवट निम्म्याहून कमी खेळाडूंनी गाठलेला दिसला. "मॅडम, सगळेच नापास आहेत," असा निरोप त्यांनी मला रात्री पाठवला. मी सहसा रात्रीच्या निरोपांना उत्तर देत नाही. त्या दिवशी दिले.

पत्नीसह झालेली भेट सर्वांत अवघड गेली. त्यांना पैशांचा राग होता, पण त्याहून अधिक दुःख वेगळ्याच गोष्टीचे होते : "खेळले असते तरी चाललं असतं मॅडम. हे नुसते यादी बघत बसतात. बोलावलं तर 'हो, हो' म्हणतात, आणि इथे नसतात." मी त्यांना मध्येच समजावण्याचा मोह टाळला. बराच वेळ दोघेच बोलले. शेवटी शनिवारी रात्री साडेनऊ ते साडेअकरा हा वेळ उघडपणे खेळण्याचा ठरला, त्या वेळी पाण्याची मोटारसुद्धा पत्नी किंवा आई पाहणार. आणि नवीन खरेदी पत्नीला सांगून, तीही त्याच रात्री उघडणार असाल तरच. खरेदीच्या साइटचे निरोप बंद केले. दिवसाचा शीण घेऊन रात्री यादी चाळायची नाही, खेळ शुक्रवारी जेवतानाच ठरवायचा, ही भर पत्नीने घातली, आणि माझ्या मते सर्वांत उपयुक्त तीच ठरली.

हाच उपाय प्रत्येकाला लागू पडेल असे नाही. ज्याने खरेदीसाठी उसने घेतले आहे, जो रक्कम सतत लपवतो, किंवा ज्याला कशातच रस उरलेला नाही म्हणून खेळही उघडावासा वाटत नाही, त्याच्याशी मी यादीविषयी बोलत बसत नाही. शेवटच्या प्रकारात उदासीनतेची तपासणी आधी करते आणि गरजेप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. या गृहस्थांबाबतही ती तपासणी मी केली होती. त्यांना गाडी चालवताना गाणी लागत, मुलीच्या शाळेच्या गोष्टी सांगताना त्यांचा चेहरा खुले. तेव्हा ती काळजी नव्हती.

डिसेंबरअखेर हिवाळी सवलत आली. जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या यात्रेची गर्दी ओसरल्यावर, ते भेटायला आले ते फोल्डर न घेता. आकडे मात्र त्यांना तोंडपाठ होते : सोडलेले ५२, पूर्ण ६४, नवीन खरेदी दोन. त्यांतला एक खेळ घेतला त्याच रात्री उघडला, दुसरा अजून तसाच आहे, आणि तो पत्नीला सांगून घेतलेला आहे. नव्याने पूर्ण झालेल्या तीन खेळांपैकी एक लहानसा, चार तासांचा खेळ मुलीने आणि त्यांनी मिळून संपवला. शेवटच्या पातळीला कंट्रोलर तिच्या हातात होता. कॉलेजातल्या त्या गणिताच्या पेपरविषयी आणि वडिलांविषयी अजून बोलायचे आहे, असे ते जाताना म्हणाले. त्यासाठी आम्ही फेब्रुवारीतले दोन शनिवार ठरवले, सकाळचे.